अठ्ठ्याण्णव की शहाऐंशी? ऑक्सिजनचे मशीन नीट वाचायला शिकू या



एप्रिल २०२१ मधली एक रात्र मी विसरू शकत नाही. आमच्या वस्तीत तेव्हा घरोघरी ताप होता. रात्री साडेदहाला गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका मुलाचा फोन आला. त्याच्या वडिलांना पाच दिवसांपासून ताप होता. दुपारीच त्याने उसने पैसे घेऊन बोटाला लावायचे ऑक्सिजनचे मशीन आणले होते. तो म्हणाला, "ताई, बाबाचं ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव दाखवून राहिलं. मग उद्या सकाळी दवाखान्यात नेलं तर चालते न?"

मी हो म्हणणारच होते. पण फोनमध्ये मागून त्याच्या वडिलांचा आवाज येत होता. ते पाणी मागत होते आणि "पाणी दे" एवढे दोन शब्द बोलतानाही मध्येच थांबून श्वास घेत होते. मी चप्पल घातली आणि निघाले. वडील खाटेवर बसलेले, मुलगा त्यांच्या समोर उभा. मशीन वडिलांच्या बोटाला. त्याचा पडदा वडिलांच्या बाजूने सरळ आणि मुलाच्या बाजूने उलटा. मी वडिलांच्या शेजारी जाऊन बसले आणि पाहिले. आकडा अठ्ठ्याण्णव नव्हता, शहाऐंशी होता.

मशीनवरचे आकडे इंग्रजी असतात. एका कागदावर इंग्रजीत ८६ लिहा आणि कागद उलटा फिरवून पाहा. इंग्रजी आठ दोन्हीकडून आठच दिसतो, पण सहाचा नऊ होतो, आणि ८६ चे ९८ होतात. मरणाच्या दारातला आकडा धडधाकट माणसाचा दिसू लागतो. मुलाची चूक नव्हती. मशीन कोणी त्याला शिकवलेच नव्हते. दुकानदाराने डबी दिली, पैसे घेतले, संपले.

त्या रात्रीच त्यांना दवाखान्यात नेले. ऑक्सिजन लागला, बरेच दिवस लागले, पण ते घरी आले. आज नातवाला शाळेत सोडायला जातात.

कोविड ओसरला आणि ही मशीने पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. पण दमा गेलेला नाही. टीबी होऊन गेल्यावर कमजोर राहिलेली फुप्फुसे, लहान मुलांचा न्यूमोनिया, सिकलसेल, हृदयाचा आजार हे सगळे आपल्या वस्तीत आहेच. आता नवीन मशीने ब्लूटूथची येत आहेत. त्यांना वायरची गरज नाही, आकडा थेट मोबाईलवर दिसतो. म्हणून या वेळी हे मशीन कसे जोडायचे, कसे वाचायचे, आणि त्याच्यावर कुठे विश्वास ठेवायचा नाही, ते पाहू.

मशीन मोजते तरी काय?

आपल्या रक्तात लाल पेशी असतात. त्यांतले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि अंगभर पोचवते. हिमोग्लोबिन म्हणजे वस्तीत येणारे पाण्याचे टँकर समजा. शंभर टँकरपैकी किती टँकर भरलेले आहेत, एवढेच हे मशीन सांगते. ९८ म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव भरलेले.

हे मशीन रक्त न काढता कसे मोजते? चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश सोडला जातो. एक लाल, डोळ्यांना दिसणारा. दुसरा इन्फ्रारेड, तो आपल्याला दिसत नाही. ऑक्सिजनने भरलेले रक्त आणि रिकामे रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात. बोटातून आरपार किती प्रकाश आला, हे दुसऱ्या बाजूचा सेन्सर पाहतो आणि हिशेब करतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात नवे रक्त येते, त्या ठोक्यावरच हा हिशेब चालतो. ही युक्ती जपानचे इंजिनीअर ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधली. त्याआधी रक्तातला ऑक्सिजन पक्का कळायला धमनीत सुई घालावी लागे. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्याच महिन्यांत जगभर लोक त्यांच्या युक्तीवर चालणारे मशीन शोधत दुकानोदुकानी फिरत होते.

कोणते मशीन घ्यायचे?

दोन प्रकार बाजारात दिसतात. एक, बोटाला लावायचा चिमटा. त्याच्यावरच छोटा पडदा असतो. दुसरे, तळहातात मावणारे मशीन. त्याला वायरने जोडलेला बोटाचा चिमटा असतो, पडदा मोठा असतो आणि आकडा घसरला की अलार्म वाजतो. दवाखान्यातून घरी सोडलेल्या, रोज लक्ष ठेवावे लागणाऱ्या रुग्णासाठी दुसरे सोयीचे. दोन्ही प्रकारांत ब्लूटूथची मशीने मिळतात. ब्लूटूथ नसले तरी मोजणे तेच असते. पैसे कमी असतील तर ब्लूटूथ सोडा, पण स्वतःचा पडदा नसलेले, फक्त मोबाईलवरच आकडा दाखवणारे मशीन घेऊ नका. मोबाईल बंद पडला की तुम्ही आंधळे.

औषधाच्या दुकानातून पक्के बिल घेऊन घ्या. घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे ते जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणे. तिथल्या सिस्टरला विनंती करा की त्यांच्या मशीनने आणि तुमच्या मशीनने एकाच माणसाचे, एकापाठोपाठ मोजू द्या. एक-दोनचा फरक चालतो. चार-पाचचा फरक रोज येत असेल तर मशीन परत करा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगतो म्हणणाऱ्या कुठल्याही ॲपवर भरवसा ठेवू नका. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या सायबर दोस्त या खात्याने अशा खोट्या ॲपबद्दल लोकांना सावध केले होते. ही ॲप ऑक्सिजन तर मोजत नाहीतच, वर मोबाईलमधली माहिती आणि बोटाचा ठसा चोरू शकतात.

मोबाईलशी जोडणी

घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला हे काम द्या, पण आई-वडिलांनीही शेजारी बसून पाहावे.

१. मशीनमध्ये नवीन सेल टाका किंवा ते पूर्ण चार्ज करा. कमजोर सेलवर आकडा भरकटतो, ब्लूटूथही तुटते.

२. मशीनसोबतच्या कागदावर ॲपचे नाव असते. तेच ॲप प्ले स्टोअरमधून घ्या. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक उघडू नका.

३. मोबाईलचे ब्लूटूथ सुरू करा. पण बहुतेक मशीने मोबाईलच्या ब्लूटूथच्या यादीतून जोडायची नसतात. आधी ॲप उघडा, मग मशीन बोटाला लावून सुरू करा, आणि ॲपमध्येच मशीन शोधा. कागदावर दुसरी रीत दिली असेल तर तिच्याप्रमाणे करा.

४. ॲप परवानगी मागेल. जुन्या अँड्रॉईड मोबाईलवर ब्लूटूथ शोधण्यासाठी लोकेशनची परवानगी द्यावी लागते, नव्यावर 'जवळची उपकरणे' अशी विचारणा होते. ती द्या. पण ऑक्सिजन मोजायला तुमचे फोन नंबर, मेसेज किंवा फोटो कशाला हवेत? ती परवानगी नाकारा.

५. मशीन सापडत नसेल तर ते आधीच दुसऱ्या मोबाईलला जोडलेले आहे का पाहा. अशी मशीने सहसा एका वेळी एकाच मोबाईलशी बोलतात. त्या मोबाईलचे ब्लूटूथ बंद करा आणि पुन्हा शोधा.

६. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा. नाहीतर थोड्या वेळाने मोबाईल ॲपला झोपवतो आणि अलार्म वाजतच नाही.

७. अलार्म किती आकड्यावर वाजावा, हे डॉक्टरांना विचारून लावा. आवाज मोठा ठेवा. रात्री कटकट नको म्हणून तो बंद करू नका.

ब्लूटूथ मोकळ्या जागेत साधारण दहा मीटर चालते. मध्ये भिंत किंवा पत्रा आला की त्याहून कमी. मुलगा ड्युटीवर आणि आई घरी, अशा वेळी ब्लूटूथ त्याच्यापर्यंत पोचणार नाही. काही ॲप इंटरनेटवरून आकडा पुढे पाठवतात, सगळी नाही. त्यापेक्षा साधा उपाय म्हणजे मशीनचा सरळ धरलेला फोटो काढून वेळेसकट व्हॉट्सॲपवर पाठवणे.

मोबाईलवरचा थांबलेला आकडा

आमच्या वस्तीतल्या एका मावशींना जुना दमा आहे. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेने ब्लूटूथचे मशीन आणले. एका सकाळी सून स्वयंपाक करता करता मोबाईल पाहत होती, आकडा ९६. अर्ध्या तासानेही ९६. ती निश्चिंत. आतल्या खोलीत मावशी दोन्ही हात गुडघ्यावर टेकून, खांदे उचलून श्वास घेत होत्या. ब्लूटूथ कधीच तुटले होते आणि ॲपवर शेवटचा आकडा तसाच राहिला होता. नळाचे पाणी आल्याचे सांगायला शेजारीण आली, तिच्या ते लक्षात आले.

तुमचे ॲप असे करते का, हे पहिल्याच दिवशी तपासा. आकडा दिसत असताना बोट चिमट्यातून काढा. थोड्याच वेळात मोबाईलवरचा आकडाही गेला पाहिजे, त्या जागी रेघा आल्या पाहिजेत. आकडा तसाच राहत असेल तर ते ॲप फक्त नोंद ठेवायला वापरा, पाहरा द्यायला नाही. मग मशीन दूर नेऊन पाहा, ब्लूटूथ तुटल्यावर मोबाईल तसे सांगतो की नाही. मशीन आणि मोबाईल वेगळे सांगत असतील तर मशीन खरे.

मोजायचे कसे?

रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत बसू द्या. जिना चढून आल्याबरोबर, खोकल्याची उबळ आल्याबरोबर मोजू नका. हात थंड असेल तर चोळून गरम करा. नखाची पॉलिश काढा. काळी मेंदी लावलेले बोट टाळा. हात छातीच्या उंचीवर उशीवर किंवा मांडीवर टेकवा. तर्जनी किंवा मधले बोट चिमट्यात पूर्ण आत जाऊ द्या, नख पडद्याच्या बाजूला. हात हलवायचा नाही, बोलायचे नाही. उन्हात बसू नका, कडक उजेड चिमट्यात शिरला तरी आकडा बिघडतो. ज्या हाताला बीपीचा पट्टा आहे, त्या हाताला मशीन लावू नका.

मशीन लावल्याबरोबर पहिला आकडा लिहू नका. तो वर-खाली होतो. किमान अर्धा-एक मिनिट थांबा. पडद्यावर नाडीची पट्टी एका लयीत वर-खाली होत असेल आणि आकडा स्थिर असेल तरच तो खरा.

पडद्यावर दोन आकडे असतात. एक ऑक्सिजनचा, त्याच्याजवळ टक्क्याची खूण असते. दुसरा नाडीचा, म्हणजे मिनिटाला ठोके. मोठ्या माणसाची बसलेली नाडी साधारण ६० ते १०० असते. पुष्कळ लोक या दोघांची अदलाबदल करतात. नाडी ७२ पाहून घाबरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे नाडी ९८ पाहून निवांत होतात. म्हणून नियम करा: रुग्णाच्या बाजूला बसा, पडद्यावरची अक्षरे सरळ दिसतात का ते आधी पाहा, टक्क्याची खूण शोधा, आणि मग आकडा वाचा. काही मशीनमध्ये बटण दाबले की पडदा फिरतो, त्यामुळे अक्षरे पाहण्याची सवय हीच पक्की.

आकड्याचा अर्थ

निरोगी मोठ्या माणसाचा आकडा ९५ ते १०० मध्ये असतो.

९३ किंवा ९४ आला तर हात गरम करून, दुसऱ्या बोटाला लावून पुन्हा मोजा. तरीही तोच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

९२ किंवा त्याहून कमी आला तर उद्यावर टाकू नका, दवाखान्यात न्या. ९० च्या खाली असेल, ओठ-जीभ निळसर-काळपट दिसत असतील, माणूस गुंगीत असेल किंवा एक वाक्य सलग बोलू शकत नसेल तर १०८ ला फोन करा.

गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवे करू नका. उशीला टेकवून ताठ किंवा पुढे झुकवून बसवा. अंगावरचे घट्ट कपडे सैल करा, दार-खिडकी उघडा, गर्दी हटवा. कापूर, ओवा, लवंगाची पुरचुंडी हुंगवून ऑक्सिजन वाढत नाही, त्यात वेळ घालवू नका.

जुन्या दम्याच्या, विडी-चुलीच्या धुराने फुप्फुस खराब झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर ८८ ते ९२ हाच आकडा योग्य म्हणून सांगतात. अशा रुग्णाला घरच्या घरी जास्त ऑक्सिजन सोडणे घातक ठरू शकते. आपल्या माणसासाठी कोणता आकडा ठीक, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

मशीन कुठे फसते?

पहिली गोष्ट, रक्त कमी असणे. आपल्या कितीतरी बाया पांढऱ्याफटक पडून काम करत राहतात. हिमोग्लोबिन सहावर आले तरी मशीन ९८ दाखवू शकते. टँकरचे उदाहरण आठवा. टँकर सगळे भरलेले आहेत, पण टँकरच निम्मे आहेत. वस्तीला पाणी कसे पुरणार? थोड्या चालण्याने दम लागतो, चक्कर येते, आणि मशीन चांगले दाखवते, असे असेल तर हिमोग्लोबिन तपासा.

दुसरी गोष्ट, शेगडी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या जागी चिकटून बसतो. आपले साधे मशीन त्यालाही ऑक्सिजनच समजते आणि ९८ दाखवते, इकडे माणूस गुदमरत असतो. शेगडीच्या खोलीत कोणाचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, गुंगी आली असेल तर मशीन शोधत बसू नका. त्याला उघड्यावर आणा आणि दवाखान्यात न्या.

तिसरी गोष्ट, कातडीचा रंग. हे वाचून मला राग आला होता, तुम्हालाही येईल. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. त्यांनी असे रुग्ण पाहिले, ज्यांचे मशीन ९२ ते ९६ दाखवत होते. मग धमनीतले रक्त तपासले. कृष्णवर्णीय रुग्णांत शंभरातल्या सुमारे १२ जणांचा खरा ऑक्सिजन ८८ च्याही खाली निघाला. गोऱ्या रुग्णांत असे सुमारे ४ जण होते. म्हणजे काळ्या कातडीच्या माणसाला मशीन तिप्पट वेळा खोटा दिलासा देत होते. कातडीतला काळा रंगही प्रकाश शोषतो, आणि मशीनचा हिशेब बसवताना काळ्या लोकांवर पुरेसे मोजलेच गेले नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध-उपकरण खात्याने याबद्दल जाहीर इशारा दिला. २०२४ मध्ये ब्रिटनच्या सरकारी समितीनेही हेच मान्य केले.

सावळ्या-काळ्या रंगाच्या आपण लोकांनी यातून एवढेच घ्यायचे: मशीन ९४-९५ दाखवते आणि माणूस मात्र धापा टाकतो, तर माणसावर विश्वास ठेवायचा. दवाखान्यात कोणी "आकडा ठीक आहे, घरी जा" म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे म्हणा, "श्वास मोजून पाहा, डॉक्टर." हा आपला हक्क आहे.

सिकलसेलच्या घरांसाठी

विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या रुग्णाचा रोजचा आकडाच काहींमध्ये थोडा कमी असतो, आणि मशीनही दोन-चार आकड्यांनी इकडे-तिकडे सांगू शकते. म्हणून रुग्ण बरा असतानाच आठवडाभर रोज एकाच वेळी मोजा आणि तो नेहमीचा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढे ताप, छातीत दुखणे किंवा खोकला आला आणि आकडा नेहमीपेक्षा तीन किंवा जास्त उतरला, तर तो छातीतला गंभीर आजार असू शकतो. दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी ठेवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि सिकलसेलचे कार्ड व वही सोबत घ्या. नेहमीचा आकडा माहीत नसेल तर डॉक्टरलाही घसरण दिसत नाही.

लहान मुलांचे

मोठ्यांचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटाला बसत नाही. त्यातून प्रकाश बाजूने निसटतो आणि आकडा काहीही येतो. बाळासाठी वेगळा चिमटा किंवा पायाला गुंडाळायचा सेन्सर लागतो, तो दवाखान्यात असतो. घरी बाळाचा श्वास मोजा. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहत मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, सारखे झोपेत असेल तर आशाताईची वाट पाहू नका, लगेच न्या.

श्वास मोजायला मशीन लागत नाही

आता या पानावरची सर्वात महत्त्वाची गोष्ट. मोठ्या माणसाचा शांत बसलेला श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. २४ च्या वर गेला तर काळजी, ३० च्या वर गेला तर दवाखाना, मग मशीन काहीही सांगो. मोजताना रुग्णाला सांगू नका, सांगितले की तो श्वास बदलतो. नाडी पाहतो म्हणून मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा. घड्याळाचा पूर्ण एक मिनिट.

मशीनचा आकडा वाईट आणि माणूस बरा दिसतो, तर पुन्हा मोजा. मशीनचा आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसतो, तर दवाखान्यात न्या. एवढे एक वाक्य जरी लक्षात ठेवले तरी हे पान वाचल्याचे सार्थक झाले.

वस्तीत एक मशीन, एक वही

प्रत्येक घराला मशीन परवडत नाही आणि गरजही नाही. आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून एक मशीन घेतले आणि ते विहारात ठेवले. तिथल्या दोन मुलींना मी मोजायला शिकवले. मशीन नेणाऱ्याचे नाव लिहायचे, दुसऱ्या दिवशी परत आणायचे. परत आले की स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने चिमट्याचा आतला भाग पुसायचा, पाण्यात बुडवायचे नाही. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते पाझरून मशीन खराब होते. टीबीचा उपचार नुकताच सुरू झालेल्या घरातून आले तर पुसल्याशिवाय पुढे द्यायचे नाही.

मशीनसोबत एक वही असते. तिच्यात सहा रकाने आहेत: तारीख, वेळ, ऑक्सिजन, नाडी, श्वास मिनिटाला किती, आणि माणूस कसा दिसतो. शेवटचे दोन रकाने मोबाईलचे ॲप भरत नाही, ते तुम्हालाच भरायचे आहेत. ज्या घरात ॲप आहे, त्यांनीही ही वही ठेवावी. दवाखान्यात मोबाईल बंद पडतो, चार्जर सापडत नाही, पण वही डॉक्टरच्या हातात देता येते. सही-शिक्क्याच्या माणसांसमोर आपल्या बोलण्याला किंमत मिळत नाही, असा आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव आहे. तारीख-वेळेसकट लिहिलेल्या वहीला ते नाही म्हणू शकत नाहीत.

तेव्हा आजच कपाटावरचे मशीन खाली काढा. सेल बदला. घरातल्या प्रत्येकाचा नेहमीचा आकडा मोजून लिहून ठेवा. आणि मुलांना तो कागदाचा खेळ नक्की दाखवा, इंग्रजी ८६ लिहून उलटा फिरवण्याचा. एकदा पाहिलेले मूल पुन्हा कधी उलट्या बाजूने उभे राहून आकडा वाचणार नाही.